आखणी कोणाच्या डोळ्यांनी तपासायची?

आमच्या प्रयोगशाळेत हवेतील धूलिकण मोजणारे एक जुने यंत्र आहे आणि त्याला जोडलेला तितकाच जुना संगणक आहे. त्या संगणकावर २०१४ साली जे लिनक्स बसवले, ते आजतागायत बदललेले नाही. यंत्राशी बोलणारी आज्ञावली नव्या लिनक्सवर चालत नाही आणि यंत्र मात्र अजून चोख मोजते, मग त्याला हात कोण लावणार? २०२४ च्या पावसाळ्यात त्याची डिस्क भरत आली. आम्ही नवी डिस्क आणली, शेजारच्या नव्या संगणकावर ती तयार करून घेतली आणि जुन्या संगणकाला जोडली. जुन्या संगणकाने ती साफ नाकारली. पडद्यावर एकच ओळ उमटली. या डिस्कवर मला न पेलणारी वैशिष्ट्ये आहेत, तेव्हा ती जोडता येत नाही, असा तिचा आशय होता; आणि शेवटी कंसात एक आकडा होता, २०००. आमच्या एका विद्यार्थ्याने तो इसवी सनाचा आकडा समजून अर्धा दिवस संगणकाचे घड्याळ दुरुस्त करण्यात घालवला.

तो आकडा सन नव्हता. सोळाच्या पायावर लिहिलेली ती संख्या होती, दशमानात ८१९२, म्हणजे दोनचा तेरावा घात. एका लांबलचक खुणांच्या पट्टीतली नेमकी कोणती खूण आपल्याला कळली नाही, हे जुना संगणक प्रामाणिकपणे सांगत होता. ती खूण डिस्कवर कोणी केली? आम्ही तर केली नव्हती. डिस्क तयार करणाऱ्या आज्ञावलीने ती आपण होऊन केली होती. त्या आज्ञावलीत फेब्रुवारी २०२३ मध्ये एक बदल झाला होता. तो बदल तज्ज्ञांनी वाचला होता, तपासला होता, त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. तरीही आमची डिस्क अडली, आणि आमची एकट्याचीच नव्हे. हा बदल कसा तपासला गेला आणि त्या तपासणीत काय राहून गेले, याचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

प्रथम ही आज्ञावली काय करते ते पाहू. कोरी डिस्क म्हणजे एका ओळीत मांडलेली अब्जावधी रिकामी घरे. त्यांत फाइली ठेवायच्या तर कोणते घर रिकामे, कोणते भरलेले, कोणत्या फाइलीचा मजकूर कोठून कोठवर आहे, हे लिहून ठेवण्याची काही व्यवस्था आधी आखावी लागते. या व्यवस्थेला फाइल सिस्टीम म्हणतात आणि ती आखून देणाऱ्या आज्ञावलीला लिनक्समध्ये 'एमकेएफएस' असे कुळनाम आहे. लिनक्सवर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट-२, एक्स्ट-३ आणि एक्स्ट-४ या घराण्यासाठी ते काम 'एमकेईटूएफएस' करते. एक्स्ट-२ ही आखणी १९९३ सालची, रेमी कार, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांची. आखणीची हत्यारे 'ईटूएफएसप्रोग्ज' नावाच्या संचात असतात आणि त्या संचाची देखभाल आजही त्सो हेच करतात.

शिक्षकांना हे समजावून सांगण्यास शाळेच्या जनरल रजिस्टरइतके चांगले उदाहरण नाही. वही छापखान्यातून येते तेव्हा तिच्यात एकाही मुलाचे नाव नसते; पण रकाने ठरलेले असतात, त्यांची रुंदी ठरलेली असते, पानावर किती ओळी हेही ठरलेले असते. मजकूर पुढे चाळीस वर्षे कोणीही लिहो, तो या रकान्यांतच मावला पाहिजे. जुन्या छापील दाखल्यांवर जन्मसालाच्या जागी '१९' हे दोन आकडे आधीच छापलेले असत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. २००० साल उजाडल्यावर कारकुनांनी ते खोडून वर '२०' लिहिले. कागदावर खोडता येते. डिस्कवरच्या आखणीत पुष्कळदा खोडता येत नाही.

एक्स्ट-४ ची आखणी आकड्यांत पाहिली तर मौज वाटते. डिस्क ४०९६ बाइटांच्या ठोकळ्यांत विभागलेली असते. कोणता ठोकळा वापरात आहे हे सांगायला एकेक बिट पुरते, आणि एका ठोकळ्यात ३२७६८ बिट मावतात. म्हणून एका तक्त्याच्या हुकमतीखाली ३२७६८ ठोकळे येतात, म्हणजे बरोबर १२८ मेगाबाइट. हा झाला एक गट. साधारण प्रत्येक १६ किलोबाइट जागेमागे एक फाइल असेल असे धरून गटात ८१९२ 'आयनोड' आखले जातात. आयनोड म्हणजे रजिस्टरमधली एका फाइलीची ओळ: मालक कोण, आकार किती, शेवटचा बदल केव्हा, मजकूर कोठे. या ओळीची रुंदी आज २५६ बाइट असते. सगळ्या आखणीच्या आरंभी, डिस्कच्या पहिल्या १०२४ बाइटांनंतर, 'सुपरब्लॉक' असतो; रजिस्टरच्या मुखपृष्ठासारखा. ही वही कशी आखली आहे ते त्यावर लिहिलेले असते.

या मुखपृष्ठावर खुणांच्या तीन पट्ट्या आहेत आणि आमच्या मते एक्स्ट घराण्यातली सर्वांत शहाणपणाची कल्पना हीच आहे. नवे वैशिष्ट्य आले की त्याची खूण तीनपैकी एका पट्टीत होते. पहिल्या पट्टीतली खूण अनोळखी असेल तरी वाचणाऱ्याने खुशाल वाचावे, लिहावे. दुसऱ्या पट्टीतली अनोळखी असेल तर वाचावे, पण लिहू नये. तिसऱ्या पट्टीतली अनोळखी असेल तर वहीला हातच लावू नये. न कळणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधून चूक करण्यापेक्षा थांबणे बरे, हा नियम यंत्रात इतक्या सरळपणे क्वचित उतरलेला दिसतो. आमच्या जुन्या संगणकाने तो पाळला. त्याने डिस्क नाकारली, पण खराब केली नाही. दोष वाचणाऱ्याचा नव्हता.

आता तो २०२३ चा बदल. ईटूएफएसप्रोग्जची १.४७.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन वैशिष्ट्ये डिफॉल्ट झाली, म्हणजे आपण काहीच सांगितले नाही तरी आज्ञावली ती धरून चालू लागली. त्यांतल्या दुसऱ्या वैशिष्ट्याने आम्हाला त्रास दिला नाही. त्याची खूण पहिल्या पट्टीत असते. पहिले मात्र तिसऱ्या पट्टीतले. त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. एक्स्ट-४ मध्ये आखणीच्या प्रत्येक भागाला पडताळ्याचा एक आकडा जोडलेला असतो, गणिताच्या वहीत उत्तराखाली आपण ताळा करतो तसा. हा आकडा काढताना डिस्कचा स्वतःचा ओळखक्रमांकही हिशेबात धरतात. परिणाम असा, की ओळखक्रमांक बदलला तर सगळे ताळे चुकतात. सगळी आखणी पुन्हा वाचून ते नव्याने काढावे लागतात, आणि तोवर डिस्क वापरता येत नाही. पूर्वी यात फार बिघडत नसे. पण आज एकच तयार डिस्क हजारो संगणकांसाठी नकलून घेतली जाते आणि प्रत्येक नकलेला वेगळा ओळखक्रमांक हवा असतो. म्हणून ताळ्याचे बीज ओळखक्रमांकापासून सोडवून सुपरब्लॉकात वेगळे लिहून ठेवायचे, म्हणजे पुढे ओळखक्रमांक चालू डिस्कवरही बदलता येतो. बदल चांगला आहे याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

घाईही झालेली नव्हती. हे बीज वाचण्याची विद्या लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, जानेवारी २०१६ मध्ये ४.४ या आवृत्तीत आली. आखणी करणाऱ्या हत्याराने ती डिफॉल्ट केली सात वर्षांनी. आधी वाचणाऱ्याला शिकवा, मग लिहिणाऱ्याला लिहू द्या. आणि मध्ये पुरेसा काळ जाऊ द्या. हा क्रम या मंडळींनी पाळला होता.

मग चुकले कोठे? घड्याळ एकाच वाचकाचे लावले, येथे. डिस्क फक्त कर्नेल वाचतो असे धरले गेले. पण संगणक सुरू होतो त्या क्षणी कर्नेल कोठे असतो? तो स्वतःच डिस्कवर एका फाइलीत पडून असतो. ती फाइल वाचून स्मृतीत आणण्यासाठी त्याच्याही आधी कोणीतरी डिस्क वाचावी लागते. ते काम बूट लोडर करतो, लिनक्सवर बहुधा 'ग्रब' नावाचा. ग्रब कर्नेलची मदत घेऊ शकत नाही, म्हणून एक्स्ट-४ वाचण्याचे स्वतःचे छोटे, अपुरे का होईना, ज्ञान तो जवळ बाळगतो. ही वेगळी आज्ञावली, तिची माणसे वेगळी, तिच्या आवृत्त्यांचे वेळापत्रक वेगळे. जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रब २.०६ ला ही नवी खूण ठाऊक नव्हती. ती खूण दिसली तरी वाचन चालू ठेवण्याची दुरुस्ती त्याच सुमारास लिहिली गेली, पण ती घेऊन २.१२ ही आवृत्ती बाहेर पडायला डिसेंबर २०२३ उजाडला. म्हणजे कर्नेलच्या घड्याळाने सात वर्षे उलटली होती. ग्रबच्या घड्याळाने शून्याच्या अलीकडे दहा महिने होते.

फळ लगेच दिसले. नव्या हत्याराने आखलेल्या डिस्कवर जुने लिनक्स बसवायला गेलेल्यांचे संगणक सुरूच होईनात. ग्रबला समोरची फाइल सिस्टीम ओळखता येईना. डेबियन हे लिनक्सचे मोठे वितरण तेव्हा आपल्या बाराव्या आवृत्तीच्या तयारीत होते. तक्रारी आल्या, बराच वाद झाला आणि अखेर जून २०२३ मध्ये आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी डेबियनने दोन्ही वैशिष्ट्ये डिफॉल्टमधून काढली. ज्या वितरणांनी ती राहू दिली, त्यांपैकी एक आमच्या नव्या संगणकावर होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की असे प्रसंग घडतातच, अनुभवातून माणूस शिकतो. आमची खरी तक्रार या ठिकाणी सुरू होते. हा अनुभव पूर्वी येऊन गेला होता. २००८ साली याच हत्याराने आयनोडची रुंदी डिफॉल्ट १२८ वरून २५६ बाइटांवर नेली. कर्नेलला ते समजत होते. पण त्या काळच्या ग्रबमध्ये, ०.९७ आवृत्तीत, आयनोड १२८ बाइटांचाच असतो हे गृहीत धरलेले होते. खूण पाहून थांबण्याचाही प्रश्न नव्हता. तो सरळ चुकीच्या ठिकाणी वाचू लागे आणि 'फाइलीचा किंवा फोल्डरचा प्रकार चुकीचा' अशी तक्रार करून बसे. वितरणांना त्यावर आपापली ठिगळे लावावी लागली. पंधरा वर्षांनी तेच हत्यार, तोच वाचक, तीच ठेच. आयनोडच्या रुंदीचा धडा पाठ झाला, पण बूट लोडरचा झाला नाही. विद्यार्थ्याला एक उदाहरण सोडवून दाखवावे आणि त्याने आकडे लक्षात ठेवून रीत विसरावी, तसे काहीसे झाले.

चाचण्या नव्हत्या असे मुळीच नाही. ईटूएफएसप्रोग्जबरोबर शेकडो चाचण्यांचा संच येतो. त्यांतील मोठ्या भागाची पद्धत अशी: हत्याराकडून एक लहान आखणी करून घ्यायची, तिचे वर्णन छापायचे आणि ते आधी लिहून ठेवलेल्या अपेक्षित वर्णनाशी अक्षरशः ताडून पाहायचे. चुकून झालेला बदल पकडायला ही पद्धत फार उपयोगी आहे. मात्र बदल मुद्दाम केलेला असेल तेव्हा तिची धार जाते, कारण त्या वेळी अपेक्षित वर्णनही बदलावे लागते. उत्तरपत्रिका आणि नमुना उत्तर एकाच हाताने, एकाच दिवशी दुरुस्त केल्यावर दोन्ही जुळतात यात नवल ते काय? लेखकाला जे करायचे होते तेच हत्याराने केले, एवढेच त्यातून सिद्ध होते. ते करायला हवे होते का, आणि आखलेली वही तिसऱ्याच कोणाला वाचता येईल का, याबद्दल ही चाचणी मौन पाळते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. हत्यारे सांभाळणारे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की जगातला शेवटचा जुना वाचक शिकेपर्यंत थांबायचे तर कोणतेही वैशिष्ट्य कधीच डिफॉल्ट होणार नाही. आणि जे डिफॉल्ट नाही ते शंभरातले नव्व्याण्णव लोक कधी वापरत नाहीत. शिवाय ज्याला जुन्या संगणकासाठी डिस्क आखायची आहे, त्याने तसे स्पष्ट सांगावे, हत्यार ऐकते. एका साध्या मांडणीच्या फाइलीत सगळी डिफॉल्ट लिहिलेली असतात, ती हवी तशी बदलता येतात. आम्हीही तसे सांगायला हवे होते. पण ज्या गोष्टीचे अस्तित्वच ठाऊक नाही ती नको म्हणून कशी सांगणार? डिफॉल्ट म्हणजे न विचारणाऱ्याच्या वतीने घेतलेला निर्णय. ज्याच्या वतीने निर्णय घेतला त्यालाच 'तू विचारायला हवे होतेस' असे म्हणणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही.

उशीर करण्याचेही मोल असते, हे याच हत्याराच्या दुसऱ्या एका बदलातून दिसते. २००८ मध्ये आयनोड २५६ बाइटांचे झाले खरे, पण ५१२ मेगाबाइटांहून लहान आखणीत ते १२८ बाइटांचेच ठेवले गेले. कारण हिशेबाचे होते. लहान आखणीत दर ४०९६ बाइटांमागे एक आयनोड धरतात. ४०० मेगाबाइटांत असे १,०२,४०० आयनोड होतात. १२८ बाइटांप्रमाणे ते साडेबारा मेगाबाइट जागा खातात, २५६ प्रमाणे पंचवीस. लहान घरात एवढी जागा नुसत्या कपाटाला कशाला द्यायची, हा विचार त्या वेळी चुकीचा नव्हता. पण १२८ बाइटांच्या आयनोडमध्ये काळ मोजायला ३२ बिटच असतात. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्यांत लिहितात आणि एक बिट चिन्हाला जाते. २१४७४८३६४७ सेकंद झाले की रकाना भरतो. तो क्षण १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेप्रमाणे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद, मंगळवार. पुढच्या सेकंदाला अशा आखणीवर डिसेंबर १९०१ उगवतो. २५६ बाइटांच्या आयनोडमध्ये प्रत्येक वेळेला जादा बिट मिळतात आणि ही मर्यादा २४४६ सालापर्यंत जाते.

लहान आखण्यांसाठीही २५६ हे डिफॉल्ट झाले ते ऑगस्ट २०२१ मध्ये, १.४६.४ या आवृत्तीत. लहान आखण्या असतात कोठे? भिंतीत बसवलेल्या, कपाटात विसरलेल्या, पंधरा-वीस वर्षे कोणी उघडत नाही अशा उपकरणांत. २०२० साली बसवलेले असे उपकरण २०३८ मध्ये चालू असणे अगदी शक्य आहे. आणि आयनोडची रुंदी मागाहून वाढवणे एक्स्ट-४ च्या नेहमीच्या आखणीत जमत नाही. दुरुस्तीचे हत्यार सरळ नकार देते. आमच्या धूलिकणांच्या डिस्कवरची ती २००० ची खूण मात्र एका आज्ञेने पुसता आली आणि जुना संगणक पुन्हा कामाला लागला. म्हणजे दोन्ही बदलांच्या चुका एका मापाने मोजता येत नाहीत. एकीत संगणक आज अडतो, आरडाओरडा होतो, दुरुस्ती होते. दुसरीत तेरा वर्षे कोणाला काही कळत नाही. तपासणाऱ्याने अधिक वेळ कोणत्या बदलावर घालवायचा हे यावरून ठरायला हवे. व्यवहारात आरडाओरडा जिकडे, लक्ष तिकडे.

शेजारच्या घराण्याकडे एक दृष्टिक्षेप टाकू. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची, १९९४ सालची; २००१ मध्ये ती लिनक्सवर आली. फाइल सिस्टीमच्या चाचण्यांचा आज सर्वत्र वापरला जाणारा संच मुळात याच घराण्यात जन्मला. प्रत्येक चाचणीसाठी कच्ची डिस्क नव्याने आखायची, तिच्यावर फाइली लिहायच्या, मोडायच्या, वीज गेल्याचे सोंग करायचे, असे त्याचे स्वरूप. त्यामुळे आखणीच्या हत्याराची परीक्षा आपोआप हजारो वेळा होते. २०२२ मध्ये एक्सएफएसच्या आखणी-हत्याराने ठरवले, की ३०० मेगाबाइटांहून लहान आखणी आता करून द्यायची नाही. एवढ्या लहान जागेत ती नीट चालत नाही. निर्णय योग्य होता. पण चाचणी-संचातल्या कितीतरी चाचण्या मुद्दाम लहान आखणीवर बेतलेल्या, कारण लहान जागा लवकर भरते आणि कडेचे प्रसंग लवकर येतात. तोड अशी काढली, की चाचणी-संच ज्या विशिष्ट खुणा आपल्या परिसरात मांडून ठेवतो त्या दिसल्या, तर हत्याराने निमूटपणे लहान आखणी करून द्यावी.

इन्स्पेक्शनच्या दिवशी शाळा निराळी दिसते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. येथे लबाडी नाही. सगळे उघडपणे, कारण लिहून केलेले आहे, आणि सगळ्या चाचण्या नव्याने लिहिणे हे मोठे काम होते. तरीही परीक्षा चालू आहे हे ओळखणारे हत्यार आम्हाला खटकते. साध्या वापरणाऱ्याला जी आखणी मिळूच शकत नाही, तिच्यावर तासन्‌तास परीक्षा घ्यायची, हा सौदा तात्पुरताच असावा.

याच घराण्याने दुसरी एक गोष्ट मात्र फार चांगली केली आहे. त्यांच्या हत्याराबरोबर काही मांडणी-फाइली तयार मिळतात, आणि त्यांची नावे कर्नेलच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांवरून ठेवलेली आहेत: ४.१९ साठी एक, ५.४ साठी एक, ५.१० साठी एक, अशा. वैशिष्ट्यांची नावे पाठ नसलेल्या माणसानेही 'माझा वाचक अमुक सालचा आहे' एवढे सांगितले की पुरते. प्रश्न योग्य भाषेत विचारला गेला आहे. आखणी करणाऱ्याला वैशिष्ट्ये ठाऊक असतात. वापरणाऱ्याला आपला जुना संगणक ठाऊक असतो. त्यांच्या यादीतही बूट लोडरचे नाव नाही, हे राहून गेले आहे.

आम्ही असा बदल तपासायला बसलो, तर बदलाचा मजकूर वाचण्याआधी एक कागद घेऊ आणि त्यावर या आखणीच्या सगळ्या वाचकांची नावे लिहू. कर्नेल, बूट लोडर, डिस्क दुरुस्त करणारे हत्यार, हरवलेल्या फाइली शोधून देणाऱ्या आज्ञावल्या, दुसऱ्या कार्यप्रणालीवरून एक्स्ट-४ वाचणाऱ्या आज्ञावल्या. प्रत्येकापुढे ती खूण त्याला कोणत्या साली कळली ते लिहू आणि सर्वांत उशिराच्या सालापासून वर्षे मोजू. यात हुशारीची बाब काहीच नाही. २००८ नंतर असा कागद कोणी भिंतीवर चिकटवला असता तर २०२३ मध्ये ग्रबपुढची जागा रिकामी दिसली असती.

हे सगळे वर्गात हाताळून पाहता येते, आणि त्यासाठी डिस्क पुसण्याचा धोका मुळीच पत्करावा लागत नाही. लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर 'ट्रंकेट' या आज्ञेने ६४ मेगाबाइटांची एक रिकामी फाइल करावी आणि एमकेईटूएफएसला डिस्कऐवजी त्या फाइलीचे नाव देऊन एक्स्ट-४ आखायला सांगावे. हत्यार फाइलीलाच डिस्क समजून आखते. फक्त नाव टंकताना ते फाइलीचेच आहे ना, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे. खऱ्या डिस्कचे नाव चुकून गेले तर परतीची वाट नाही. मग 'डंपईटूएफएस' ही आज्ञा सुपरब्लॉक वाचून दाखवते. त्यात आयनोडची रुंदी २५६ आहे की १२८ ते विद्यार्थ्यांनी शोधावे. मोठ्या मुलांना त्याच्याही पुढे नेता येईल. 'हेक्सडंप' या आज्ञेने फाइलीचे बाइट सोळाच्या पायावर छापावेत आणि शून्यापासून मोजत १०८० व्या व १०८१ व्या बाइटापाशी यावे. तेथे ५३ आणि ईएफ दिसतील. ही एक्स्ट घराण्याची सही. आणखी पुढे, ११२० व ११२१ या बाइटांत तिसरी पट्टी सुरू होते. २०२३ च्या डिफॉल्टप्रमाणे आखलेल्या फाइलीत तेथे सी२ आणि २२ असे आकडे येतात. डेबियन १२ वर तीच आज्ञा दिली तर सी२ आणि ०२. आमची डिस्क अडली ती त्या २२ मधल्या पहिल्या २ मुळे. शाळेतल्या सर्वांत जुन्या संगणकावर लिनक्स असेल, तर दोन्ही फाइली त्याच्यापुढे ठेवून तो कोणती उघडतो ते पाहावे, आणि त्यावर बसवलेल्या कर्नेलची आवृत्ती शेजारी लिहून ठेवावी.